विजेटमधील कीबोर्ड फोकसचा बदल कसा ओळखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डेस्कटॉपसाठी किंवा वेबसाठी फॉर्म, डायलॉग आणि स्वतःची विजेट्स लिहिणाऱ्यांसाठी आहे. विजेट म्हणजे बटण, मजकुराची चौकट यांसारखा पडद्यावरचा घटक, आणि टूलकिट म्हणजे अशी विजेट्स पुरवणारा प्रोग्रामिंगचा संच. फंक्शन, इव्हेंट आणि सिग्नल यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोड लिहिताना त्यांचे अचूक स्पेलिंग आपापल्या टूलकिटच्या दस्तऐवजात पाहून घ्यावे.

कीबोर्ड फोकस म्हणजे नेमके काय?

पडद्यावर कितीही विजेट्स असली तरी दाबलेली कळ त्यांपैकी एकाच विजेटकडे जाते. ज्या विजेटकडे ती जाते, त्याच्याकडे त्या क्षणी कीबोर्ड फोकस आहे असे म्हणतात. माउसचा पॉइंटर कोठे आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो. ही व्यवस्था दोन पातळ्यांवर चालते, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे पुढचे बरेचसे घोटाळे होतात. कोणती विंडो सक्रिय आहे हे ऑपरेटिंग सिस्टीम किंवा विंडो मॅनेजर ठरवतो. त्या विंडोच्या आत कोणते विजेट कळा घेणार हे टूलकिट ठरवते. विंडो निष्क्रिय झाली तरी तिच्यातले शेवटचे विजेट टूलकिट लक्षात ठेवते आणि विंडो पुन्हा पुढे आली की फोकस त्याच्याकडे परत देते. डब्ल्यूपीएफ या विंडोजवरील टूलकिटमध्ये या दोन गोष्टींना कीबोर्ड फोकस आणि लॉजिकल फोकस अशी वेगळी नावेच आहेत. इतर टूलकिटमध्ये नावे वेगळी नसली तरी हा भेद असतोच.

हा बदल कळण्यासाठी कोणता इव्हेंट ऐकावा?

तत्त्व सगळीकडे एकच आहे: फोकस सोडणाऱ्या विजेटला एक सूचना मिळते आणि फोकस घेणाऱ्याला दुसरी.

विन३२ या विंडोजच्या मूळ प्रोग्रामिंग इंटरफेसमध्ये (तेथे बटणासारखे विजेटही विंडोच मानले जाते) या सूचना डब्ल्यूएम_किलफोकस आणि डब्ल्यूएम_सेटफोकस या संदेशांच्या रूपाने येतात, आणि दोन्हींच्या डब्ल्यूपॅरम या पॅरामीटरमध्ये व्यवहारातल्या दुसऱ्या विंडोचे हँडल असते. एडिट कंट्रोलचा फोकस बदलल्याचे त्याच्या पालक विंडोला डब्ल्यूएम_कमांडमधून ईएन_सेटफोकस आणि ईएन_किलफोकस या सूचनांनी कळते. एक्स११ या युनिक्स-लिनक्सवरील विंडो प्रणालीमध्ये फोकसइन आणि फोकसआउट हे इव्हेंट आहेत, आणि टीके या टूलकिटमध्येही बाइंड करण्यासाठी तीच नावे वापरतात. क्यूटी या टूलकिटमध्ये फोकसइनइव्हेंट आणि फोकसआउटइव्हेंट ही फंक्शने ओव्हरराइड करावी लागतात किंवा इव्हेंट फिल्टर बसवावा लागतो. जावाच्या स्विंग या टूलकिटमध्ये फोकसलिसनर जोडला की फोकसगेन्ड आणि फोकसलॉस्ट या मेथड बोलावल्या जातात.

जीटीके या टूलकिटच्या बाबतीत आवृत्ती पाहणे आवश्यक आहे. तिसऱ्या आवृत्तीतील फोकस-इन-इव्हेंट आणि फोकस-आउट-इव्हेंट हे सिग्नल डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत काढून टाकलेले आहेत. तेथे जीटीकेइव्हेंटकंट्रोलरफोकस नावाचा कंट्रोलर विजेटला जोडून त्याचे एंटर आणि लीव्ह हे सिग्नल ऐकावे लागतात. जुन्या उदाहरणावरून उतरवलेला कोड नव्या आवृत्तीत का चालत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच मिळते.

टायमर लावून ठरावीक वेळाने फोकस तपासत राहिले तर चालेल का?

चालणार नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात फोकस दुसरीकडे जाऊन परतही येऊ शकतो, आणि तसे झाल्याचा मागमूस उरत नाही. शिवाय विन३२ मधील गेटफोकस हे फंक्शन फक्त ते बोलावणाऱ्या थ्रेडच्या संदेश रांगेपुरतेच उत्तर देते. फोकस दुसऱ्या थ्रेडच्या विंडोकडे असेल तर उत्तर नल, म्हणजे रिकामे, येते आणि ते पाहून फोकस कोणाकडेच नाही असा चुकीचा समज होतो.

प्रत्येक विजेटला हँडलर (सूचना आल्यावर चालणारे फंक्शन) न जोडता संपूर्ण प्रोग्राममधील बदल एकाच ठिकाणी टिपता येतात का?

येतात, आणि फॉर्म मोठा असेल तर तसेच करावे. क्यूटीमध्ये क्यूॲप्लिकेशनचा फोकसचेंज्ड हा सिग्नल जुने आणि नवे अशी दोन्ही विजेट्स हाती देतो. दोन्ही विजेट्सना आपापले फोकस इव्हेंट मिळून झाल्यावरच तो येतो. दोहोंपैकी कोणतेही एक नल असू शकते, त्यामुळे ते तपासल्याशिवाय वापरू नये. जावामध्ये १.४ या आवृत्तीपासून कीबोर्डफोकसमॅनेजर आहे. त्याच्या फोकसओनर या प्रॉपर्टीवर प्रॉपर्टीचेंजलिसनर लावला की काम होते. त्याच्याच शेजारी परमनंटफोकसओनर ही प्रॉपर्टी आहे, आणि तात्पुरते बदल वगळायचे असतील तर तीच सोयीची पडते. डब्ल्यूएक्सविजेट्स या टूलकिटमध्ये साधा फोकस इव्हेंट पालक विजेटपर्यंत चढत नाही, परंतु डब्ल्यूएक्सचाइल्डफोकसइव्हेंट चढतो. जीटीके ४ मध्ये विंडोच्या फोकस-विजेट या प्रॉपर्टीच्या नोटिफाय सिग्नलवर लक्ष ठेवता येते. अँड्रॉइडमध्ये व्ह्यूट्रीऑब्झर्व्हरला ऑनग्लोबलफोकसचेंजलिसनर जोडता येतो.

ब्राउझरमध्ये फॉर्मच्या एलिमेंटवर फोकस इव्हेंटचा लिसनर लावला. आतल्या इनपुटवर गेल्यावर काहीच का होत नाही?

कारण फोकस आणि ब्लर हे दोन इव्हेंट बबल होत नाहीत, म्हणजे इनपुटवर घडलेली घटना वरच्या फॉर्मपर्यंत चढत नाही. फोकसइन आणि फोकसआउट हे इव्हेंट मात्र बबल होतात; फॉर्मवर त्यांचेच लिसनर लावावेत. ॲडइव्हेंटलिसनरमध्ये कॅप्चरचा पर्याय चालू करूनही फोकस आणि ब्लर वरच्या पातळीवर पकडता येतात. रिॲक्ट ही लायब्ररी वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण तेथे ऑनफोकस बबल होतो आणि १७ व्या आवृत्तीपासून तो आतून फोकसइनवरच चालतो. शॅडो डॉम, म्हणजे एका होस्ट एलिमेंटच्या आत झाकलेली वेगळी रचना, वापरला असेल तर बाहेरून पाहणाऱ्याला आतले एलिमेंट दिसत नाही. डॉक्युमेंटच्या ॲक्टिव्हएलिमेंटमध्ये होस्ट एलिमेंटच दिसते.

फोकस गेला म्हणजे त्या चौकटीतले काम संपले असे मानावे का?

मानू नये. या पानावरील एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर ते हे असावे, असे मला मनापासून वाटते. फोकस जाणे ही एकच घटना दिसत असली तरी तिच्यामागची कारणे फार वेगवेगळी असतात. टॅब कळ दाबून पुढच्या चौकटीत जाणे हे एक कारण झाले. परंतु माउसची उजवी कळ दाबून मेनू उघडणे, एखादा आकडा पाहण्यासाठी दुसऱ्या प्रोग्राममध्ये जाऊन येणे, मेनूबारवर जाणे किंवा पडद्यावर अचानक एखादा डायलॉग उघडणे यांपैकी कशानेही फोकस जातो, आणि या प्रत्येक वेळी वापरणारी व्यक्ती त्याच चौकटीत परतणार असते. अशा वेळी अर्धवट लिहिलेला मजकूर पडताळून लाल अक्षरांत चूक दाखवणे किंवा तो परस्पर जतन करणे हा त्या व्यक्तीच्या कामात केलेला अडथळाच असतो.

म्हणून सूचना मिळाल्यावर दोन प्रश्न विचारावेत: फोकस कोणाकडे गेला, आणि का गेला?

‘का’ याचे उत्तर सर्वांत स्पष्टपणे क्यूटी देते. तेथे क्यूफोकसइव्हेंटच्या रीझन या फंक्शनमधून माउस, टॅब, उलटा टॅब, शॉर्टकट, मेनूबार, पॉपअप आणि सक्रिय विंडोतील बदल अशी कारणे वेगवेगळी कळतात. त्यांतली पॉपअप आणि सक्रिय विंडो ही दोन कारणे पडताळणीतून वगळली तरी बराच त्रास वाचतो. जावामध्ये फोकसइव्हेंटची इझटेम्पररी ही मेथड हेच काम ढोबळपणे करते: विंडो निष्क्रिय झाल्यामुळे फोकस गेला असेल तर ती खरे असे सांगते. एक्स११ मध्ये इव्हेंटच्या मोड या भागात नोटिफायग्रॅब किंवा नोटिफायअनग्रॅब असेल तर कोणीतरी कीबोर्ड तात्पुरता ताब्यात घेतला किंवा सोडला, एवढाच त्याचा अर्थ असतो.

ब्राउझर कारण सांगत नाही, पण अंदाज करता येतो. ब्लरच्या हँडलरमध्ये असताना डॉक्युमेंटचे ॲक्टिव्हएलिमेंट अजूनही तेच एलिमेंट असेल, तर फोकस पानातल्या दुसऱ्या एलिमेंटकडे गेला नसून संपूर्ण विंडोच निष्क्रिय झाली आहे असे समजावे. डॉक्युमेंटच्या हॅजफोकस या फंक्शनने याची खात्री करून घेता येते.

‘कोणाकडे’ याचे उत्तर ब्राउझरमध्ये रिलेटेडटार्गेट, जावामध्ये गेटऑपोझिटकंपोनंट आणि डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये गेटविंडो यांतून मिळते. मात्र फोकस दुसऱ्या प्रोग्रामकडे गेला असेल तर हे उत्तर नल येते. ब्राउझरमध्ये तर पानाच्या रिकाम्या जागेवर क्लिक केले तरी ते नल येते, आणि मॅकवरील सफारीमध्ये बटणावर क्लिक केल्यावर बटणाला फोकस मिळत नसल्यामुळे तेथेही तसेच घडते. नल दिसले की व्यक्ती फॉर्म सोडून गेली, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

क्यूलाइनएडिटचा एडिटिंगफिनिश्ड हा सिग्नल सोयीचा वाटतो, पण तो रिटर्न कळ दाबल्यावरही येतो आणि फोकस गेल्यावरही येतो. रिटर्न दाबल्यावर त्याच्या हँडलरमधून मेसेज बॉक्स उघडला तर त्या बॉक्सने फोकस घेतल्यामुळे तोच सिग्नल दुसऱ्यांदा येऊ शकतो. एकच नोंद दोनदा जतन झाल्याची तक्रार आली तर शोधाची सुरुवात येथून करावी.

माझ्या विजेटमध्ये अनेक लहान विजेट्स आहेत. फोकस त्यांच्यातल्या त्यांच्यात फिरला तरी ‘गेला, आला’ अशा सूचना येतात. त्या कशा टाळाव्यात?

तारखेच्या विजेटमध्ये दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन चौकटी आहेत असे समजू. दिवसावरून महिन्यावर जाताना दिवसाच्या दृष्टीने फोकस गेला, परंतु तारखेच्या विजेटच्या दृष्टीने तो आतच आहे. त्यामुळे फोकस घेणारे विजेट आपल्या आत आहे की नाही हे आधी तपासावे. ब्राउझरमध्ये फोकसआउटच्या हँडलरमध्ये करंटटार्गेटच्या कंटेन्स या फंक्शनला रिलेटेडटार्गेट द्यावे. क्यूटीमध्ये फोकसचेंज्डमधून आलेल्या नव्या विजेटसाठी इझॲन्सेस्टरऑफ वापरावे. काही टूलकिटमध्ये ही सोय तयारच मिळते: जीटीके ४ च्या फोकस कंट्रोलरमध्ये कंटेन्स-फोकस, डब्ल्यूपीएफमध्ये इझकीबोर्डफोकसविदिन. केवळ बाह्य रूप बदलायचे असेल तर ब्राउझरमध्ये सीएसएसचा फोकस-विदिन हा सिलेक्टर पुरतो, त्यासाठी कोड लिहिण्याची गरजच नसते.

टीकेमध्ये हीच अडचण जरा वेगळ्या रूपात समोर येते. तेथे प्रत्येक विजेटच्या बाइंडटॅग्जमध्ये त्याच्या टॉपलेव्हल विंडोचे नाव असते, त्यामुळे विंडोवर केलेले फोकसइनचे बाइंडिंग आतल्या प्रत्येक विजेटसाठीही चालते. इव्हेंट नेमका कोणत्या विजेटचा आहे हे टक्के-डब्ल्यू या खुणेतून तपासून मगच पुढे जावे.

चुकीची माहिती असेल तर फोकस जाण्याच्या हँडलरमधूनच तो परत आणला तर काय बिघडते?

फोकसचे हस्तांतर अर्धवट असतानाच आपण दुसरे हस्तांतर सुरू करतो, हे बिघडते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असा एक फॉर्म लिहिला होता. पहिल्या चौकटीत चूक असेल तर तिचा हँडलर मेसेज बॉक्स उघडून फोकस परत घेत असे. दुसरी चौकटही रिकामी असल्यामुळे, तिच्याकडून फोकस काढला जाताच तिचा हँडलर स्वतःचा मेसेज बॉक्स उघडून फोकस आपल्याकडे घेई, आणि मग पुन्हा पहिलीची पाळी. तो फॉर्म वापरणाऱ्या व्यक्तीला प्रोग्राम सक्तीने बंद करण्यावाचून मार्ग उरला नव्हता, आणि तिने तोवर भरलेले सगळे वाया गेले. पडताळणीकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या दिवशी बदलली.

डब्ल्यूएम_किलफोकस हाताळताना विंडो दाखवणारे किंवा सक्रिय करणारे कोणतेही फंक्शन बोलावू नये, असा विंडोजच्या दस्तऐवजात स्पष्ट इशारा आहे. तसे केल्यास प्रोग्राम संदेशांना प्रतिसाद देणे थांबवू शकतो. फोकस हलवणे खरोखर आवश्यक असेल तर ते काम इव्हेंट लूपच्या पुढच्या फेरीवर ढकलावे: विन३२ मध्ये पोस्टमेसेजने स्वतःलाच संदेश पाठवून, क्यूटीमध्ये शून्य मिलिसेकंदांच्या क्यूटायमरच्या सिंगलशॉटने, स्विंगमध्ये इन्व्होकलेटरने, टीकेमध्ये आफ्टर आयडलने. स्विंगमध्ये इनपुटव्हेरिफायर आणि डब्ल्यूपीएफमध्ये प्रीव्ह्यूलॉस्टकीबोर्डफोकस यांच्या साहाय्याने फोकस जाण्याआधीच तो अडवताही येतो. तरीही माझा सल्ला असा की फोकस अडवू नये. चूक त्या चौकटीच्या शेजारी दाखवावी, व्यक्तीला पुढे जाऊ द्यावे आणि फॉर्म सादर करताना अंतिम पडताळणी करावी.

हँडलर लिहिल्यापासून मजकुराच्या चौकटीतला कर्सर लुकलुकायचा थांबला. का?

टूलकिटचा स्वतःचा हँडलर आपण नकळत बंद केला आहे. कर्सर दाखवणे, निवडलेला मजकूर रंगवणे आणि इनपुट मेथडला सूचना देणे ही कामे तोच करत असतो. क्यूटीमध्ये ओव्हरराइड केलेल्या फंक्शनमधून मूळ क्लासचे फंक्शन बोलवावे, डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये इव्हेंटवर स्किप बोलवावे, आणि जीटीके ३ मध्ये सिग्नलच्या हँडलरमधून फॉल्स परत करावे. इनपुट मेथडचा मुद्दा देवनागरीत टाइप करणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण ती बिघडली की जोडाक्षरे बनवताना अडचण येते, आणि फक्त इंग्रजीत चाचणी करणाऱ्या प्रोग्रामरला ते दिसतही नाही.

मॅकवर टेक्स्ट फील्डला फोकस मिळताच तो लगेच गेल्याची सूचना का येते?

कोकोआ या मॅकच्या टूलकिटमध्ये एनएसटेक्स्टफील्ड स्वतः मजकूर संपादित करत नाही. ते फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे कळा घेणारे विजेट, झाले की विंडोचा सामाईक फील्ड एडिटर, म्हणजे एक एनएसटेक्स्टव्ह्यू, त्याच्या जागी बसवला जातो आणि खरा फर्स्ट रिस्पॉन्डर तोच होतो. त्यामुळे टेक्स्ट फील्डचे रिझाइनफर्स्टरिस्पॉन्डर जवळपास लगेच बोलावले जाते. संपादन संपल्याचे जाणून घ्यायचे असेल तर डेलिगेटमधील कंट्रोलटेक्स्टडिडएंडएडिटिंग ही मेथड वापरावी.

इव्हेंट कोणत्या क्रमाने येतात यावर विसंबून राहता येते का?

थोडेसेच. विंडोज फॉर्म्समध्ये तर हालचाल कशाने झाली यावर क्रम बदलतो. कीबोर्डने कंट्रोल सोडल्यास लीव्ह, व्हॅलिडेटिंग, व्हॅलिडेटेड आणि शेवटी लॉस्टफोकस असा क्रम असतो. माउसने किंवा फोकस या मेथडने सोडल्यास लॉस्टफोकस आधी येतो आणि बाकीचे तीन नंतर. टॅब दाबून तपासलेला कोड क्लिक केल्यावर वेगळा वागण्यामागे हे कारण असू शकते. त्या टूलकिटमध्ये पडताळणीसाठी एंटर, लीव्ह आणि व्हॅलिडेटिंग यांचाच उपयोग करावा.

मी बनवलेल्या विजेटला फोकस मिळतच नाही. काय राहून गेले?

बहुतेक वेळा ते फोकस घ्यायला तयार असल्याचे सांगायचे राहून गेलेले असते. क्यूविजेटचे फोकस धोरण मुळात नोफोकस असते. ते टॅब आणि क्लिक या दोन्हींसाठी स्ट्राँगफोकस करावे. जीटीके ४ मध्ये फोकसेबल ही प्रॉपर्टी चालू करावी, कोकोआमध्ये ॲक्सेप्ट्सफर्स्टरिस्पॉन्डर होकारार्थी करावे, आणि ब्राउझरमध्ये डिव्हला टॅबइंडेक्स शून्य द्यावा; उणे एक दिल्यास कोडमधून फोकस देता येतो, परंतु टॅबने तेथे पोहोचता येत नाही. स्विंगमध्ये स्वतः रंगवलेल्या पॅनलवर क्लिक झाल्यावर रिक्वेस्टफोकसइनविंडो आपणच बोलवावे लागते.

फोकस असलेले विजेट लपवले, निष्क्रिय केले किंवा काढून टाकले तर?

अशा वेळी फोकस जाण्याची सूचना येईलच असा भरवसा ठेवू नये. ब्राउझरमध्ये एलिमेंट काढले की ॲक्टिव्हएलिमेंट बॉडीवर जाते आणि कीबोर्डवर काम करणारी व्यक्ती पानात नेमकी कोठे आहे याचा तिला पत्ता लागत नाही. विजेट काढण्याआधी फोकस योग्य ठिकाणी हलवण्याची जबाबदारी ते काढणाऱ्या कोडचीच आहे.

दुसऱ्या प्रोग्राममधील फोकसचे बदल कळू शकतात का?

त्यासाठी सुगम्यतेचे (ॲक्सेसिबिलिटीचे) इंटरफेस आहेत, आणि स्क्रीन रीडरही त्यांवरच चालतात. विंडोजवर यूआय ऑटोमेशनमध्ये ॲडफोकसचेंज्डइव्हेंटहँडलर आहे. जुन्या पद्धतीत सेटविनइव्हेंटहुकने ईव्हेंट_ऑब्जेक्ट_फोकस ऐकता येतो. मॅकवर वापरकर्त्याने सुगम्यतेची परवानगी दिल्यावर एएक्सऑब्झर्व्हरने हे करता येते. लिनक्सवर एटी-एसपीआय आहे. आपण स्वतः रंगवलेले विजेट या इंटरफेसना फोकसचा बदल कळवत नसेल तर डोळ्यांनी न पाहणाऱ्या व्यक्तीच्या लेखी तो बदल झालेलाच नसतो.

फोकस मिळाल्यावर विजेटने काय करू नये?

स्वतःहून काही मोठे करू नये. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांतील ३.२.१ हा निकष सांगतो की केवळ फोकस मिळाल्यामुळे संदर्भ बदलता कामा नये. म्हणजे नवी विंडो उघडणे, फॉर्म सादर होणे किंवा फोकस आणखी कोठे उडी मारणे हे घडू नये. २.१.२ नुसार कीबोर्डने आत गेलेल्या व्यक्तीला कीबोर्डनेच बाहेर पडता आले पाहिजे, आणि २.४.७ नुसार फोकस डोळ्यांना दिसला पाहिजे. सुबकतेसाठी फोकस दाखवणारी आउटलाइन काढून टाकणाऱ्यांनी निदान फोकस-व्हिजिबल हा सिलेक्टर वापरावा, म्हणजे कीबोर्डने फिरताना आउटलाइन दिसेल आणि माउसने बटणावर क्लिक करताना सहसा दिसणार नाही.

फोकसचे हँडलर तपासताना डीबगरमध्ये वेगळेच वागतात. ते कसे तपासावेत?

ब्रेकपॉइंट लागताच डीबगरची विंडो पुढे येते आणि फोकस स्वतःकडे घेते, म्हणजे ज्याचे निरीक्षण करायचे तेच निरीक्षणामुळे बदलते. त्याऐवजी प्रत्येक सूचनेची वेळ, जुने विजेट, नवे विजेट आणि कारण यांची एक ओळ लॉगमध्ये लिहावी आणि प्रोग्राम न थांबवता वापरावा. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, क्लिकने, उजव्या कळीच्या मेनूने, विंडो बदलून परत येऊन आणि डायलॉग उघडून बंद करून अशा सर्व मार्गांनी फिरून पाहावे, आणि शेवटी माउस बाजूला ठेवून पूर्ण फॉर्म एकदा केवळ कीबोर्डने भरावा. लॉगमध्ये ‘आला’ आणि ‘गेला’ यांच्या जोड्या जेथे जुळत नाहीत, तेथे बहुधा लपवलेले किंवा काढून टाकलेले विजेट सापडते.